वासरू वाकडे का जन्मते?

फेब्रुवारीच्या अखेरीस सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आनुवंशिकतेवर बोलायला गेलो होतो. मेंडेल, वाटाणे, उंच झाडे, बुटकी झाडे असे सगळे नेहमीप्रमाणे झाले. प्रश्न विचारा म्हटल्यावर आठवीतला एक मुलगा उभा राहिला. त्यांच्या संकरित गाईला चार दिवसांपूर्वी वासरू झाले होते. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडलेले, ओढून सरळ करावेत तर होईनात. बाटलीने दूध पाजले की नाकातून बाहेर येई. तिसऱ्या दिवशी ते मेले. "आजी म्हणते गाईवर ग्रहणाची सावली पडली. शेजारचे म्हणतात आईनं ग्रहणात विळी धरली म्हणून झालं. बाबा गाय विकायला निघालेत. सर, गाय विकायची का?"

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. वाटाण्याच्या तक्त्यात ते नव्हते. वीस-पंचवीस हजारांचे नुकसान, आईवर आलेला आळ आणि दावणीची दुभती गाय हे सगळे एका प्रश्नात होते. वासरू असे का जन्मले, यावर गाय ठेवायची की विकायची हे ठरते. कारण बाहेरचे असेल, म्हणजे खाण्यातले, औषधातले किंवा एखाद्या विषाणूचे असेल, तर त्या गाईत काहीच खोट नाही, पुढचे वासरू चांगले होईल. कारण आनुवंशिक असेल तरीही गाय विकायची गरज नसते, वळू बदलावा लागतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी गाय निर्दोषच ठरते. पण हे नुसते सांगून भागत नाही, ते कसे कळते हेही सांगावे लागते.

नऊ महिन्यांचे वेळापत्रक

गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस त्याहून महिनाभर उशिरा, सुमारे ३१० दिवसांनी. वासराच्या घडणीतला सर्वांत नाजूक काळ मात्र या नऊ महिन्यांच्या सुरुवातीलाच संपतो. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस हृदयाचे ठोके सुरू होतात. त्यानंतर हातापायांचे अंकुर फुटतात, डोळे, जबडे, आतडी यांची मांडणी होते. दीड महिन्यात बहुतेक अवयवांचा आराखडा तयार असतो. टाळू जुळून येते ती जवळपास आठव्या आठवड्यात. मेंदूची घडण मात्र त्याच्या पुढेही बराच काळ चालू राहते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गर्भावर मोठा आघात झाला तर बहुधा तो मरून जातो आणि गाय पुन्हा माजावर येते. मालकाला वाटते रेतन लागलेच नाही. दीड-दोन महिन्यांपर्यंतच्या आघाताने अवयव बिघडतात. त्यानंतरच्या आघाताने तयार झालेला अवयव खुंटतो किंवा नासतो. त्यामुळे कोणता अवयव बिघडला आहे हे पाहिले की आघात साधारण कोणत्या आठवड्यात झाला असेल याचा अंदाज बांधता येतो. शिक्षकांना ही गोष्ट वर्गात घर बांधण्याच्या उदाहरणाने सहज सांगता येईल. भिंतीच कलत्या असतील तर चूक पायाच्या किंवा भिंतींच्या वेळची, रंग उडाला असेल तर ती नंतरची.

बाहेरच्या कारणांनी सस्तन प्राण्याच्या गर्भात दोष होऊ शकतो, हे फार उशिरा मान्य झाले. १९३३ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला गाभण राहण्याआधीपासून आणि गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात जीवनसत्त्व 'अ' नसलेला खुराक दिला. तिला अकरा पिले झाली आणि एकाही पिलाला डोळ्यांचे बुबुळगोल नव्हते. पुढे तशाच मादीला योग्य खुराक दिल्यावर डोळस पिले झाली. रक्त तेच होते, बदलला होता तो फक्त खुराक. गाईच्या वासरांतही या जीवनसत्त्वाच्या टंचाईने आंधळेपण येते. कवटीतील ज्या बोगद्यातून दृष्टीची नस मेंदूकडे जाते तो बोगदा अरुंद राहतो आणि नस चिरडते. आपल्याकडे दुष्काळी भागात महिनोन्‌महिने नुसता जुना कडबा खाऊन राहणाऱ्या जनावरांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनपासून गाय जीवनसत्त्व 'अ' बनवते. उन्हात वाळलेल्या, वर्षभर गंजीत राहिलेल्या कडब्यात ते फारसे उरत नाही.

निळ्या फुलांचे कुरण

अमेरिकेच्या पश्चिम भागातील डोंगरउतारांवर ल्युपिन नावाची निळ्याजांभळ्या तुऱ्यांची रानवनस्पती असते. आपल्या तूर-हरभऱ्याच्याच कुळातली. तिथल्या पशुपालकांना दर काही वर्षांनी वाकड्या पायांची, वळलेल्या मणक्याची, फाटक्या टाळूची वासरे मिळत. या विकाराला त्यांनी 'वाकडे वासरू' असेच नाव दिले होते. बराच काळ दोष वळूला दिला जाई. १९९७ साली वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात अशी हजारो वासरे जन्मली.

यूटा राज्यात लोगन येथे विषारी वनस्पतींवर संशोधन करणारी एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी गाभण गाईंना ल्युपिन खाऊ घातले आणि दिवस मोजले. गाभणकाळाच्या ४० ते ७० व्या दिवसांदरम्यान ती खाल्ली तर दोष होत, कधी कधी शंभराव्या दिवसापर्यंतही. त्याआधी किंवा नंतर खाल्ली तर वासरू बहुधा ठीक. वनस्पतीतले दोषी रसायन होते अ‍ॅनॅगायरिन नावाचे अल्कलॉइड.

पण एक रसायन हाडे वाकवते कसे? हा प्रश्न सुटला तो गर्भाची हालचाल ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहिल्यावर. निरोगी गर्भ पोटात सतत हातपाय झाडत असतो. ल्युपिन किंवा तशीच रसायने असलेल्या वनस्पती खाल्लेल्या मादीच्या पोटातला गर्भ मात्र निपचित पडून राहतो. ही अल्कलॉइडे तंबाखूतल्या निकोटिनसारखी, नसेकडून स्नायूला मिळणारा निरोप अडवणारी. हाडाला किंवा सांध्याला त्यांनी हातही लावलेला नसतो. पण सांधा सांध्यासारखा घडण्यासाठी तो हलावा लागतो. महिनाभर न हललेला पाय जिथे दुमडला होता तिथेच आखडतो. हात मोडून प्लास्टरमध्ये राहिलेल्या माणसाला याची थोडी कल्पना येईल.

फाटक्या टाळूचे कारण तर याहून साधे निघाले. टाळूचे दोन पडदे दोन बाजूंनी वाढत येऊन मधोमध जुळतात. त्याआधी जीभ त्या दोघांच्या मध्ये असते. गर्भ मान वर करतो, तोंड हलवतो, जीभ खाली जाते आणि पडदे जुळतात. निपचित गर्भाची जीभ हललीच नाही तर ती दाराच्या फटीत अडकलेल्या पाचरीसारखी मध्येच राहते. टाळू दुभंगलेली राहते. विळीचा किंवा चाकूचा यात कुठेच संबंध येत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याचा दोष ज्या आयांच्या माथी मारला जातो त्यांच्यासाठी तरी हा शोध वर्गात आवर्जून सांगावा, असे मला वाटते. माणसातल्या दुभंगलेल्या टाळूची कारणे आणखी अनेक आणि गुंतागुंतीची आहेत, पण टाळूची घडण तीच आहे.

केंटकी राज्यात तंबाखू काढून घेतल्यावर उरलेले दांडे खाल्लेल्या डुकरिणींना वाकड्या पायांची पिले झाली होती. तंबाखू पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत गाभण जनावर अशा शेतात मोकळे सोडू नये, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

ल्युपिनवरचा उपाय मात्र साधा निघाला. वनस्पती उपटून संपणारी नव्हती. पशुपालकांनी कॅलेंडर बदलले. माद्या फळवण्याची तारीख अशी धरायची की ४० ते १०० दिवसांचा काळ आणि कोवळ्या रोपांचा किंवा शेंगांचा काळ एकत्र येऊ नये. ते जमले नाही तर त्या दिवसांत कळप दुसऱ्या कुरणात.

याच संशोधकांची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ती वासरांची नसून कोकरांची आहे. आयडाहोतल्या मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे होत. वेन बिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर कळले की मेंढीने गाभणकाळाच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास व्हेराट्रम नावाची कुरणातली वनस्पती खाल्ली तर असे होते. त्यातल्या रसायनाला एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपामाइन नाव पडले. पुढे १९९० च्या दशकात कळले की हे रसायन गर्भातील पेशींना 'डावे-उजवे वेगळे व्हा' असा निरोप देणारी एक यंत्रणा बंद पाडते. तीच यंत्रणा त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगात बेफाम चालू राहते. तिला रोखणारे विस्मोडेगिब हे औषध २०१२ साली अमेरिकेत मंजूर झाले. मेंढपाळांची तक्रार ऐकून कुरणात गेलेल्या माणसांना कर्करोगाचे औषध स्वप्नातही दिसले नसेल.

चिलटांच्या मागावर

१९७२ ते १९७५ या काळात जपानमध्ये हजारो गाईंना वाकडी वासरे झाली. तिथे ना ल्युपिन होते ना एकच वळू. हे काम होते आकाबाने नावाच्या विषाणूचे. हे नाव एका जपानी गावाचे आहे. तिथल्या डासांत हा विषाणू १९५९ साली सापडला होता. तो मुख्यतः बारीक रक्तपिपासू चिलटांमार्फत पसरतो. गाईला साधा तापही येत नाही, मालकाला कळतही नाही. महिन्यांनी वासरू जन्मते तेव्हा कळते.

इथे एक कोडे मुलांना घालण्यासारखे आहे. अशा साथीत आधी जन्मणाऱ्या वासरांचे पाय वाकडे असतात. नंतर काही आठवड्यांनी जन्मणाऱ्यांचे पाय बरे असतात, पण कवटीत मेंदूच्या जागी पाणी भरलेले असते. असे का? मुलांना थोडा वेळ द्या. उत्तर असे की चिलटे सगळ्या गाईंना एकाच सुमारास चावली. त्या वेळी ज्या गाईला चार-पाच महिने झाले होते तिच्या वासरावर स्नायू-सांध्यांचा परिणाम झाला आणि ती आधी व्याली. जिला तिसराच महिना चालू होता तिच्या वासराचा मेंदू घडत होता, तो नासला आणि ती उशिरा व्याली. जन्माचा क्रम उलटा वाचला की साथीचा महिना सापडतो. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील श्मालेनबर्ग गावाच्या नावाने ओळखला जाणारा याच जातकुळीचा नवा विषाणू सापडला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात युरोपभर अशी कोकरे आणि वासरे जन्मू लागली. भारतातही आढळणाऱ्या बीव्हीडी या विषाणूमुळे गाईला गर्भपात होतो, आणि संसर्ग गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात झाला तर वासराचा लहान मेंदू खुंटतो. असे वासरू जन्मल्यावर झोकांड्या खाते, नीट उभे राहत नाही.

एका नामांकित वळूचा वारसा

आता आनुवंशिक बाजू. ओसबोर्नडेल आयव्हानहो हा अमेरिकेतील होल्स्टाइन वळू १९५२ साली जन्मला. त्याच्या मुली भरपूर दूध देत. त्याचा मुलगा आयव्हानहो स्टार आणि नातू आयव्हानहो बेल हेही तसेच गाजले. एव्हाना वीर्य गोठवून ठेवण्याचे तंत्र हाती आले होते. एका वेळच्या वीर्यापासून काही शे मात्रा होतात आणि वळू मेल्यावरही त्या वापरता येतात. या घराण्याचे रक्त जगभर गेले.

रक्ताबरोबर आणखीही काही गेले. काही वासरे जन्मतः धडधाकट दिसत, पण सतत न्यूमोनिया, हगवण, हिरड्यांना जखमा होऊन वर्षाच्या आत मरत. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असत, पण जखमेत एकही पोचत नसे. आयोवा राज्यातील एम्स येथील संशोधकांनी १९९२ साली कारण दाखवून दिले. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून मगच बाहेर पडते. चिकटण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात फक्त एक अक्षर बदलले होते, अ‍ॅडेनीनच्या जागी ग्वानीन. त्यामुळे प्रथिनातल्या १२८ व्या जागी अस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन आले. पोलीस गाडी गावात आली, पण तिला थांबता येईना, अशी अवस्था. या विकाराला बीएलएडी म्हणतात. त्याचा माग थेट ओसबोर्नडेल आयव्हानहोपर्यंत जातो.

दोष अप्रभावी आहे. एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत असलेले जनावर ठणठणीत असते, त्याला आपण वाहक म्हणतो. त्या वेळी तपासलेल्या अमेरिकन होल्स्टाइन वळूंपैकी सुमारे १४ टक्के आणि गाईंपैकी सुमारे ६ टक्के वाहक निघाल्या. हे गणित फळ्यावर करून पाहा. वाहक वळू आणि वाहक गाय यांची गाठ पडण्याची शक्यता ०.१४ गुणिले ०.०६, आणि त्यांच्या वासराला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता एक-चतुर्थांश. उत्तर येते ०.००२१, म्हणजे हजारात दोन वासरे. एखाद्या गोठ्यात वर्षानुवर्षे काहीच दिसणार नाही इतके ते थोडे आहे, आणि देशभरात हजारो वासरे मरतील इतके ते जास्तही आहे. मेंडेलचा नियम शिकवायला वाटाण्यापेक्षा हे उदाहरण मुलांच्या घरच्या जास्त जवळचे आहे. दोन नाणी एकदम उडवायची, दोन्ही छापे आले की वासरू आजारी. शंभर वेळा उडवा आणि मोजा.

या घराण्याच्या वाट्याला दुसरा दोषही आला. २००० सालाच्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधकांनी सीव्हीएम नावाचा मणक्यांचा विकार ओळखला. बहुतेक गर्भ दिवस भरण्याआधीच गाभडतात. जी वासरे जन्मतात त्यांची मान आखूड आणि पुढचे पाय वाकडे असतात. त्याचाही माग आयव्हानहो स्टार आणि बेल यांच्यापाशी गेला. पुढचे पाय वाकडे म्हटल्यावर तुम्हाला तो आठवीतला मुलगा आठवला असेल. मलाही आठवला.

आपल्याकडे संकरासाठी होल्स्टाइनचे वीर्य आले तेव्हा हेही आले. भारतातील होल्स्टाइन आणि संकरित वळूंत बीएलएडीचे वाहक सापडले आहेत. यावर उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. पूर्वी वळूची परीक्षा घ्यायची तर त्याची गाठ त्याच्याच मुलींशी घालावी लागे. वाहक वळूच्या निम्म्या मुली वाहक असतात, म्हणून प्रत्येक वासरू सदोष निघण्याची शक्यता आठात एक. अशी ३५ वासरे निरोगी निघाली तर वळू वाहक असूनही सुटून गेला असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी राहते. त्यात वर्षे जात. आता वळूच्या चार केसांच्या मुळांतला किंवा थेंबभर रक्तातला डीएनए पुरतो. जनुकाचा तो तुकडा वाढवायचा आणि ठरावीक जागी कापणारे विकर घालायचे. चांगली प्रत कापली जाते, बिघडलेली कापली जात नाही. तुकडे मोजले की निकाल. केंद्र सरकारच्या किमान मानकांनुसार गोठित वीर्यकेंद्रांतील वळूंची अशा काही आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करावी लागते.

गावचा मोकळा वळू मात्र या चाळणीतून जात नाही. तो पाच-सहा वर्षे गावात राहिला की स्वतःच्या मुलींना, नातींना फळवतो. वर सांगितलेली परीक्षाच तो नकळत देत असतो, फक्त तिचे निकाल कोणी लिहून ठेवत नाही. देशी गाय निकोप, संकरित गाय रोगट, असे सरसकट म्हणणारे मला भेटतात. अप्रभावी दोष कोणत्याही जातीत दडून राहू शकतात. प्रश्न असतो तो जवळच्या नात्यात फळवण्याचा.

कॅलेंडरवरचे वर्तुळ

त्या मुलाच्या घरी मी गेलो. वासरू पुरून टाकलेले होते, तेव्हा तपासायला काही उरले नव्हते. खरे तर अशा वेळी वासराचे फोटो काढावेत, जवळच्या पशुवैद्यकाला ताबडतोब कळवावे. मेलेले वासरू ताजे असताना शवविच्छेदन होऊ शकते, आणि कानाचा छोटासा तुकडा जपून ठेवला तरी डीएनएची तपासणी पुढे करता येते. लोक मात्र घाईघाईने पुरून टाकतात. अपशकुन लवकर नजरेआड झालेला बरा, अशी त्यांची भावना असते.

भिंतीवर मात्र जुने कॅलेंडर होते. २४ मे च्या चौकटीभोवती मुलाच्या आईने पेनाने वर्तुळ काढले होते, रेतनाच्या दिवसाचे. मुलाने बोटांवर मोजले. चाळिसावा दिवस ३ जुलै, साठावा २३ जुलै. टाळू जुळण्याचा काळ या मधला. त्या दिवसांत गाईने काय खाल्ले? नेहमीचेच, बांधावरचे गवत आणि थोडी पेंड. रानात चरायला सोडली नव्हती. मग वडील म्हणाले, पेरण्या उरकल्यावर जंताचे औषध पाजले होते. कोणते? बाटली अजून फळीवर होती. अल्बेंडाझोल. पाजल्याची तारीख जूनच्या अखेरची, म्हणजे गाभण राहून पस्तीस दिवसांच्या आसपास. हे औषध गाईला गाभणकाळाच्या पहिल्या ४५ दिवसांत देऊ नये असे माहितीपत्रकात असते. मेंढ्यांत सुरुवातीच्या दिवसांत दिलेल्या मात्रेने सांगाड्याचे दोष झालेले दिसले आहेत. पण ते माहितीपत्रक इंग्रजीत होते आणि गाय गाभण आहे हे तेव्हा नक्की कळलेही नव्हते.

मग वळूचा नंबर विचारला. प्रत्येक वीर्यकांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. रेतन करणाऱ्या माणसाने पावती दिली नव्हती आणि कांडी तिथेच उकिरड्यावर टाकून दिली होती. म्हणजे वासराचा बाप कोण हे कळायला मार्ग नव्हता. बाप आणि आई दोघेही सीव्हीएमचे वाहक असतील काय, हा प्रश्न तसाच राहिला. औषधावर संशय आहे, वळूवर संशय आहे, विषाणूचाही पूर्ण नाकारता येत नाही. ग्रहणावर आणि विळीवर मात्र नाही, एवढे मी त्याच्या आजीसमोर स्पष्ट सांगितले. तिला ते पटले असे दिसले नाही. आई काही बोलली नाही, चहा मात्र तिने दुसऱ्यांदा केला.

गाय विकली नाही. पुढच्या वेळी वेगळा वळू वापरा, कांडीचा नंबर कॅलेंडरवर लिहा, पहिले दीड-दोन महिने पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय कोणतेही औषध पाजू नका आणि रोज थोडा तरी हिरवा चारा द्या, एवढे सांगून मी परत आलो. वर्ष-सव्वा वर्षाने मुलाचे पत्र आले. कालवड झाली, धडधाकट आहे, चौथ्या दिवशी गोठ्यात उड्या मारू लागली. सोबत वळूचा नंबरही कळवला होता. मी उत्तरात अभिनंदन केले आणि एक प्रश्न घातला, तुमच्या वर्गालाही घालता येईल असा. आधीचा वळू आणि गाय दोघेही वाहक होते असे धरले आणि तोच वळू पुन्हा वापरला असता, तर निरोगी वासरू होण्याची शक्यता किती होती? चारात तीन. मग या कालवडीवरून औषध दोषी ठरते की वळू? त्याने एका ओळीचे उत्तर पाठवले, "दोन्ही नाही, सर. पण आता नंबर लिहून ठेवलाय."